बोलेरो उचलून खालचं काम: देवगडच्या खळ्यातल्या नोंदी, २०२५

२७ एप्रिल

गाडी बोलेरो, जुनी, डिझेल, फक्त मागच्या चाकांवर चालणारी. आंब्याच्या बागेत जाते, जेटीवर जाते, पावसात लाल चिखल आणि वर्षभर खारा वारा. खाली टॉर्च मारला की चेसीवर गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. मागच्या पाट्यांचे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) शॅकल बुश, म्हणजे पाटे चेसीला जोडणाऱ्या कड्यांतली अस्तरं, गेलेत, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, वाजतोय, क्लच सोडला की टक् असा आवाज येतो, आणि क्राऊनचं ऑइल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या डिफरन्सच्या गोळ्यातलं, शेवटचं कधी बदललं ते आधीच्या मालकालाही सांगता आलं नव्हतं.

गॅरेजला का देत नाही असं घरातून विचारलं गेलं. लिफ्टवर गाडी दोन तास मिळते, पण चेसी घासायची, प्रायमर मारायचा, सुकवायचा, परत मारायचा तर कोणी आठवडाभर लिफ्ट अडवून देत नाही. म्हणून घरासमोरच्या खळ्यातच, म्हणजे अंगणात. काम काय काय केलं ते सांगणारे खूप भेटतात पण गाडी वर कशी धरली, कशावर टेकवली, ते कोणी सांगत नाही, आणि जीव जातो तो तिथेच. म्हणून या नोंदी मुख्यतः उचलण्याच्याच आहेत.

गाडीबरोबर आलेला जॅक टायर बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नाही हे आधीच ठरवलं.

२९ एप्रिल

आज जॅकला हात लावला नाही, जमीन बघितली. खळं डोळ्याला सपाट वाटतं पण गवंड्याकडून लेव्हल पाइप आणला, पाणी भरून दोन टोकांना धरला तर गटाराच्या बाजूला चांगला उतार निघाला, गाडीच्या लांबीत चार बोटं. म्हणजे हँडब्रेक सोडला तर गाडी आपोआप त्या बाजूला जाईल. विहिरीकडचा तुकडा बराच बरा आहे, तिथे उतार जवळपास नाही, माती चोपलेली आहे. तो नक्की केला. कोंबड्या आणि कुत्रा तिकडेच बसतात, त्यांची सोय दुसरीकडे करायला हवी. कुत्रा तर गाडी दिसली की सावलीला थेट खालीच जाऊन झोपतो.

१ मे

तीन टनाचा ट्रॉली जॅक आणला, ७,२०० रुपये. गाडीचं वजन दीड टनाच्या वर आहे आणि एका वेळी एकच बाजू उचलायची, त्यामुळे तीन टन पुरेसा.

पण टन किती ते नंतरचं. चोपलेल्या मातीवर ठेवून मागच्या डिफरन्सच्या गोळ्याखाली लावला आणि हँडल मारायला लागलो तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकची पुढची चाकं मातीत गेली. आता ट्रॉली जॅकचं असं असतं की त्याचा हात सरळ वर जात नाही, गोलात जातो, म्हणून वजन येत जाईल तसं जॅकला गाडीखाली थोडं सरकावं लागतं, त्याला चाकं दिलीत ती त्यासाठीच. चाकं मातीत रुतली की जॅक सरकू शकत नाही, मग एक तर वरची वाटी डिफरन्सवरून घसरते नाहीतर गाडीच जॅककडे ओढली जाते. वाटी एक बोटभर घसरलेली दिसली, लगेच खाली सोडला.

उपाय म्हणून १९ एमएमच्या प्लायचे दोन थर चिकटवून, स्क्रू मारून साडेतीन फूट लांब फळी बनवली. तिच्यावर जॅक व्यवस्थित सरकतो. आधी लोखंडी पत्रा टाकून बघितला होता, पण तो पत्राच मातीवर सरकतो, म्हणून काढून टाकला. प्लायचे तुकडे सुताराकडे उरलेले मिळाले, ६०० रुपये.

४ मे

आमच्याकडे गाडी टेकवायची म्हटलं की माणूस पहिला चिऱ्याकडे (जांभ्या दगडाच्या ठोकळ्याकडे) बघतो. घर चिऱ्याचं, गडगा चिऱ्याचा, परसात चिरे पडलेलेच असतात, लावा दोन चिरे एकावर एक. शेजारी एक काका आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ते म्हणाले आधी रिकामा करून बघ. म्हणून खाली कोणी नाही, चाकं लावलेली, अशा स्थितीत मागचा अ‍ॅक्सल चिऱ्यावर टेकवला आणि जॅक हळूहळू सोडला. पूर्ण वजन यायच्या आतच चिरा आडवा तडकला आणि कोपरा निखळून पडला.

चिरा भिंतीत चालतो कारण तिथे वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, खाली वर चुना-सिमेंटचा थर असतो. गाडीच्या अ‍ॅक्सलची नळी त्याला एका रेषेतच टेकते, सगळा भार त्या रेषेवर, आणि जांभा आतून भोकाभोकांचा. तडकायच्या आधी आवाज नाही, वाकणं नाही, काही इशारा देत नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉक पण तसेच, तेही असेच फुटतात. त्यामुळे दोन्ही बंद, वर कोणी कितीही सांगो की आमच्या आजोबांपासून हेच लावतात.

काकांचं म्हणणं लिहून ठेवतो: "जॅकार गाडी आसा तवर हात सुद्धा खाली घालूचो नाय रे झिला." त्यांच्या डेपोत बसखाली काम खड्ड्यातून व्हायचं. घरी खड्डा खणावा का हा विचार माझ्याही डोक्यात आला होता. पण पावसाळ्यात आमच्याकडे खड्ड्यात विहिरीसारखं पाणी येतं आणि पेट्रोलची वाफ, एलपीजी हे हवेपेक्षा जड, ते खड्ड्यात तळाला साठून राहतात, ठिणगी पडली की संपलं. घरी लहान मुलं पण आहेत. खड्डा नाही.

७ मे

जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी पाय. जवळच्या एका फॅब्रिकेटरने पाइपचे बनवून देतो म्हटलं, नमुना दाखवला. पाया लहान, वरची खाच उथळ, आणि वेल्डिंगचा ताव कुठे धरलाय कुठे नाही. त्याचं गेट, ग्रिलचं काम छान असतं पण हे घेतलं नाही, कारण वेल्ड आतून किती धरलाय ते बघायला माझ्याकडे काही साधन नाही. तयार तीन टनी जोडी घेतली, २,४०० रुपये.

दात्यावर अडकणारे आणि आरपार पिन घालायचे असे दोन प्रकार मिळतात. अमेरिकेत २०२० साली हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने लाखो स्टँड परत मागवले होते, दात नीट न अडकता स्टँड अचानक खाली बसू शकत होते म्हणून, आणि बदली दिलेल्यातल्याही काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष सापडला होता. म्हणून मी पिनवाले बघत होतो, ते इथे मिळाले नाहीत, मिळाले ते दात्याचे पण वरून जादा लॉक पिन असलेले. दर वेळी दात अडकल्यावर हँडल दाबून बघायचं आणि पिन घालायचीच. क्षमता लिहिलेली असते ती एका स्टँडची की जोडीची तेही नीट वाचून घ्या, बऱ्याच वेळा जोडीची असते.

स्टँडचे पाय म्हणजे चार पातळ कोपरे. बोलेरोची मागची बाजू उचलली की एका स्टँडवर साधारण चारशे किलो धरा, ते चार कोपऱ्यांतून मातीत गेलं तर कोपरे सुरीसारखे आत जातात. एक फूट बाय एक फूट प्लायचा डबल थर खाली ठेवला तर तेच वजन ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही नाही. कोरड्या चोपलेल्या मातीला हे सोसतं. ओल्या मातीचं पुढे लिहिलंय.

चाकांचे ठोकळे सॉ मिलमधून ऐनाच्या लाकडाचे कापून आणले, तिरके, चाकाच्या उंचीच्या चौथाईएवढे. पैसे घेतले नाहीत.

१० मे

आंब्याच्या पेट्यांचं काम उरकलं, गाडी मोकळी झाली. आज मागून उचलली.

हे नीट वाचा, कारण मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर बहुतेक लोक इथेच फसतात. हँडब्रेक मागच्या दोन चाकांना. गिअरमध्ये टाकली तर गिअर पण मागच्याच चाकांना धरतो. आणि मागची दोन्ही चाकं तर आता हवेत. म्हणजे हँडब्रेक ओढलाय, पहिला गिअर टाकलाय, समाधान वाटतंय, पण गाडीला धरणारं काहीही नाही, पुढची चाकं पूर्ण मोकळी. फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे काय ते धरतात. एकच मागचं चाक उचललं तरी गिअरचा भरवसा नाही, डिफरन्समुळे हवेतलं चाक फिरतं आणि जमिनीवरचं सुटतं. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून असे चार ठोकळे, हाताने ठोकून घट्ट. हँडब्रेक आणि गिअर टाकतोच, पण त्यांना हिशोबात धरत नाही.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घेतले. गाडी वर गेल्यावर नट सोडवायच्या टॉमीवर जोर लावला तर तो जोर स्टँडला जातो.

उचलून स्टँड अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावले, पाट्याच्या जवळ, दोन्ही बाजूला सारखे. जॅक हळू सोडून वजन स्टँडवर घेतलं. मग बाजूने कमरेने जोरात ढकललं, हलवलं. हे खाली जायच्या आधी करायचं, पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. हलली नाही.

आणि मग कळलं की काम होत नाही. शॅकल बुश बदलायचे तर पाट्यावरचं वजन जायला पाहिजे, म्हणजे चेसी धरायची आणि अ‍ॅक्सल लोंबू द्यायचा. मी स्टँड अ‍ॅक्सलखाली लावले त्यामुळे गाडीचं सगळं वजन अजून पाट्यांवरच होतं, शॅकलचा बोल्ट जागचा हलेना. स्टँड कुठे लावायचे हे कोणतं काम करायचंय त्यावर ठरतं, हे उचलायच्या आधी बसून ठरवायला हवं होतं. अर्धा दिवस गेला.

११ मे

चेसीखाली स्टँड लावायला गेलो तर उंची पुरेना. अ‍ॅक्सल लोंबला की चेसी जमिनीपासून जवळपास दोन फुटांवर धरावी लागते, तीन टनी स्टँड दीड फुटाच्या आतच संपतो. इथे मोह होतो खाली लाकडाचा ठोकळा घालून स्टँड उंच करायचा. प्लायची फळी वेगळी, ती रुंद आणि पातळ असते, पण अरुंद ठोकळ्यावर स्टँड उभा केला की तो कलंडायला एक धक्का पुरतो. कणकवलीला जाऊन सहा टनी जोडी आणली, ४,८०० रुपये. वजनासाठी नाही, उंचीसाठी. ते दोन फुटांपर्यंत जातात आणि पाया पण रुंद आहे.

आता पद्धत अशी: जॅक डिफरन्सखाली, गाडी वर, स्टँड चेसीच्या सरळ भागाखाली पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाटा चेसीला धरणाऱ्या कंसाच्या) थोडं पुढे, मग जॅक सोडला की चेसी स्टँडवर बसते आणि अ‍ॅक्सल खाली लोंबतो. चेसीला चिकटून ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग जातं, स्टँडची खाच त्यावर येत नाही ना ते बोट फिरवून बघितलं. अ‍ॅक्सल लोंबताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का तेही बघायचं. जॅक अ‍ॅक्सलखाली नुसता टेकवून ठेवला, वर-खाली करून शॅकलच्या बोल्टवरचा ताण बरोबर शून्यावर आणता येतो, मग बोल्ट हाताने बाहेर येतो.

लोखंडावर लोखंड घसरतं म्हणून खाचेत जुन्या टायरच्या रबराचा तुकडा घातला. काढलेली दोन्ही चाकं आडवी करून चेसीखाली सरकवली, सगळं फसलं तरी गाडी रिमवर अडेल आणि माणसाला जागा उरेल. गाडीची किल्ली माझ्या खिशात. भाच्याला सांगितलं की मी खाली असताना दार उघडायचं नाही, आत बसायचं नाही, डिकीत काही टाकायचं नाही. तो म्हणाला, मामा, मी बाहेरच बसतो, हाक मारलीत की पाना देतो. तेही लागतंच, घरी कोणी नसताना खाली जायचं नाही.

१५ मे

बुश बसले दोन्ही बाजूचे. जुने बुश शॅकलमध्ये गंजून धरलेले, कापून काढावे लागले, वेळ तिथेच गेला. चेसी घासायचं चालू आहे. वायर ब्रश आणि ग्राइंडर, दोन्ही वेळी गॉगल. उताणं पडून काम करताना गंज सरळ डोळ्यात पडतो, साधा चष्मा पुरत नाही, बाजूने बंद असलेला हवा. ८० रुपयांना मिळाला.

आज एक गोष्ट मुद्दाम करून बघितली. भाचा विचारत होता की एवढा नवीन जॅक आहे, तीन टनाचा, मग त्याच्यावर का नाही ठेवायची. काल रात्री गाडी जॅकवर घेतली, स्टँड चेसीपासून दोन बोटं खाली ठेवले, खळ्याभोवती दोरी बांधली आणि झोपलो. सकाळी दोन बोटांची फट गेली होती, गाडी स्टँडवर बसलेली. बाहेर तेलाचा थेंब नाही. आत तेल सीलवरून, व्हॉल्व्हवरून हळूहळू परत टाकीत जातं, वर लोखंडाचं काही अडकलेलं नसतं, नुसतं तेल गाडी धरून असतं. बिघडलेला जॅक असं करतो असं नाही, हा चांगला जॅक आहे, रात्रभरात एवढंच करतो. सील फाटलं तर सेकंदात होईल. भाच्याने परत विचारलं नाही.

१९ मे

मागच्या अर्ध्या चेसीला रेड ऑक्साइड मारला. स्टँड टेकलेत ती जागा राहतेच, तिथे शेवटी वीतभर सरकवून मारायचा असं ठरवलंय. ओल्या रंगावर स्टँड लावायचा नाही, साबणासारखा निसटतो.

२१ मे

काल संध्याकाळपासून पाऊस. मे महिन्यात वळवाची एखादी सर येते आणि जाते, हा तसा नव्हता, रात्रभर कोसळला. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा झालाय म्हणे. ताडपत्री वरून टाकली होती पण पाणी वरून आलं नाही, जमिनीवरून वाहत आलं.

सकाळी गाडीच्या फुटबोर्डावर स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा एका बाजूला गेलेला. डाव्या स्टँडखालच्या प्लायची एक कड मातीत गेली होती, पाण्याने तिच्या खालची माती धुऊन नेली होती. स्टँड किंचित कललेला. हीच जमीन परवापर्यंत कुदळीला दाद देत नव्हती.

गाडी उतरवायची ठरवलं आणि खाली एक हातसुद्धा न घालता उतरवायची. कसं केलं ते क्रमाने. आधी चाकं चेसीखाली आहेत तशीच ठेवली. ऐनाचे लांब ठोकळे बांबूने ढकलून बाहेरूनच दोन-दोन आडवे-उभे रचले, रचलेल्याची उंची त्याच्या रुंदीपेक्षा कमीच ठेवायची. पुढच्या चाकांचे ठोकळे परत ठोकून घेतले, ओल्या मातीत तेही सैल झाले होते. मग जॅकची लांब फळी मागून सरकवली, तिच्याखाली अजून दोन फळ्या आडव्या टाकल्या, आणि लांब हँडलने मागून गाडी स्टँडपासून दोन बोटं सुटेपर्यंत उचलली. चेसीखालची चाकं ओढून काढली, बाहेर बसून हबवर चढवली, नट हाताने लावले. स्टँड आकड्याच्या सळईने ओढून घेतले. ठोकळे ओढून घेतले. मग जॅकचा व्हॉल्व्ह पाव फेराच, त्याहून जास्त नाही, पूर्ण सोडला तर गाडी आदळते.

साधं दहा मिनिटांचं काम, सकाळ गेली. पण घाई करायची नव्हती.

२५ मे

आज मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एवढा लवकर. काम अर्धवट. नुसत्या रेड ऑक्साइडवर पाणी बसलं, तो प्रायमर आहे, पाणी अडवत नाही, वरचा रंग मारायचा राहिला होता. दोन-चार जागी परत तांबूस दिसायला लागलंय. ते सगळं परत घासावं लागेल. हे नुकसान बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त बोचतंय.

मातीवर काम पावसात होणार नाही हे कळलंय. काँक्रीट टाकायचं.

४ जून

महिनाअखेरीपासून पावसाने उघडीप दिलीय. तेवढ्यात विहिरीकडच्या तुकड्यावर काँक्रीट टाकून घेतलं, पाच मीटर बाय तीन मीटर, चार इंच. खाली माती उकरून चिऱ्याच्या कपच्यांचं सोलिंग धुमसून घेतलं, काँक्रीट एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी). सिमेंट १२ गोणी लागल्या, वाळू, खडी, मिक्सर, मजुरी सगळं मिळून साडेअठरा हजार. गवंडी पाणी जायला भरपूर उतार देत होता, खळ्याला तसाच देतात. त्याला थांबवलं, स्टँड उभे राहणार तिथे सपाटच पाहिजे, पाण्यासाठी कडेने नाली काढली. पृष्ठभाग पण गुळगुळीत घोटायचा नाही, ब्रश मारून खरखरीत ठेवला.

सात दिवस तर पाणी मारायचंच, आणि लगेच गाडी चढवायची नाही. पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. मी तेवढं थांबणार नाही, पण घाईने पण नाही.

२१ जून

मधल्या पावसात वर ताडपत्रीची शेड उभी केली. आज गाडी काँक्रीटवर घेतली आणि चारही बाजूंनी उचलली. प्लायचे तुकडे अजूनही स्टँडखाली ठेवतोच, काँक्रीटवर लोखंडी पाय सरकतात आणि कोपऱ्याचा खड्डा पण पडतो.

चारही उचलताना एक टोक एकदम पूर्ण वर न्यायचं नाही. मागचं टोक खूप वर गेलं की गाडी तिरकी होते, मग पुढचं उचलताना ती परत सरळ होते आणि मागचे स्टँड त्या हालचालीत ओढले जातात. मागून थोडं, पुढून थोडं, परत मागून थोडं, असं दात मोजत नेलं. पुढे जॅक क्रॉस मेंबरच्या (चेसीच्या आडव्या दांड्याच्या) मधोमध, स्टँड चेसीखाली. पुढे सहा टनी, मागे तीन टनी अ‍ॅक्सलखाली, कारण आता पाट्याचं काम उरलं नाही. इंजिनच्या तेलाच्या चेंबरखाली किंवा गिअरबॉक्सखाली जॅक लावायचा नाही, चेंबर पत्र्याचा असतो, दबतो.

चारही का, तर क्राऊनचं ऑइल. पातळी बघायचा बोल्ट असतो तिथपर्यंत ऑइल भरायचं, पण गाडी मागून वर आणि पुढून खाली असेल तर ऑइल आत पुढच्या बाजूला जातं आणि भरलेलं चुकीचं निघतं. गाडी सपाट पाहिजे. आणि भरायचा बोल्ट आधी सोडवून बघायचा, तो सुटला तरच खालचा काढायचा. खालून सगळं ऑइल सांडून बसलात आणि वरचा गंजून धरलेला निघाला तर गाडी तिथेच अडकते. आमचा वरचा खरंच धरलेला होता, गरम करून, पेनिट्रेटिंग ऑइल मारून संध्याकाळी सुटला. निघालेलं ऑइल काळं आणि चुंबकावर बारीक लोखंडाची पूड, तुकडे नव्हते, ठीक आहे. ९० नंबर भरलं.

२२ जून

प्रोपेलर शाफ्ट उतरवला. उतरवायच्या आधी दोन्ही फ्लँजवर पांढरी खूण केली, परत त्याच जागी बसवायचा, नाहीतर गाडी थरथरते. शाफ्ट नसताना चाकं जमिनीवर असली तरी गिअर काहीच धरत नाही, फक्त हँडब्रेक. म्हणून शाफ्ट बाहेर आहे तोपर्यंत गाडी स्टँडवरून खाली घ्यायची नाही असं भाच्याला बजावलं, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधली. नवे क्रॉस बसले, ग्रीस भरलं, चारही कपांतून नवीन ग्रीस बाहेर येईपर्यंत.

२८ जून

चेसी परत घासली, प्रायमर, वर दोन हात काळा. स्टँडच्या जागा सरकवून मारल्या, सुकल्यावर. गाडी खाली घेतली, उचललेल्याच पद्धतीने पुढून-मागून थोडं थोडं. नट जमिनीवर आल्यावर मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळले. साठ-सत्तर किलोमीटर चालवून परत बघितले तर एक नट अजून पाव फेरा आवळला गेला, शॅकलचा एक पण. टक् आवाज गेला.

उचलण्यावरचा खर्च: जॅक, स्टँडच्या दोन जोड्या, प्लाय मिळून १५,०००, आणि काँक्रीटचे साडेअठरा. पार्ट्स आणि रंग वेगळे.

५ जुलै

मावसभावाची जुनी वॅगन आर ऑइल बदलायला आली, त्याच काँक्रीटवर. तिचं सगळं उलटं. पुढच्या चाकांवर चालते, म्हणून मागून उचलली तर गिअर पुढची चाकं धरतो, पण पुढून उचलली की गिअर निरुपयोगी आणि फक्त मागचा हँडब्रेक उरतो. ठोकळे दोन्ही वेळा. चेसी नाही, फुटबोर्डाखालची पत्र्याची कड, तिच्यावर दोन खुणेच्या खाचा असतात त्यांच्यामध्येच जॅक घ्यायचा. वाटीत टायरचं रबर, मधे कडेएवढी खाच कापून, म्हणजे कड दुमडत नाही आणि वजन बाजूच्या पत्र्यावर जातं. स्टँड तीन टनी इथे बरोबर पुरतात.

उजवी बाजू उचलली, ठीक. डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कड ठोकून बघितली तर आवाज बसका आला, आणि टोक दाबलं तर पत्रा आत गेला. आतून गंजलेली. तिथे जॅक लावला नाही, उजवी बाजू पण खाली घेतली. आधी पत्रा कापून नवीन वेल्ड करायला गाडी पाठवली आहे, ऑइल नंतर.